घरखर्चाची बेगमी: पगारदार घराने वर्षाचा हिशोब कसा मांडावा

मार्च उजाडला की मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात वर्षाचा गहू-तांदूळ घ्यायला येणारी माणसं पुण्यात अजूनही बरीच आहेत. आमच्या घरात ही पद्धत सासूबाईंची. गव्हाला गच्चीवर ऊन द्यायचं, एरंडेलाचा हात लावायचा आणि कडुलिंबाचा पाला घालून कोठी भरायची. खर्च एकदम मोठा असतो, पण त्या महिन्यात त्यांची ओढाताण झालेली मी कधी पाहिली नाही. दिवाळीपासूनच त्या दर महिन्याला थोडे पैसे गव्हाचे म्हणून वेगळे काढत आणि मग काहीही झालं तरी त्यांना हात लावत नसत. याला त्या बेगमी म्हणत.

पगारदार घरं महिन्याच्या खर्चाने फारशी अडचणीत येत नाहीत. दूध, वाणसामान, वीजबिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स हे आकडे आपल्याला पाठ असतात. घडी विस्कटते ती वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांनी: जूनमधली शाळेची फी, गणपती आणि लगेच दिवाळी, गाडीचा विमा, मिळकतकर, नात्यातलं एखादं लग्न. हे खर्च अचानक आले असं आपण म्हणतो, पण त्यांची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. म्हणून आधी वर्षाचा हिशोब मांडायचा. मी अकाउंट्समध्ये काम करते आणि आमच्या सोसायटीतल्या पाच-सहा घरांना असा कागद मांडून दिला आहे. तीच पद्धत इथे क्रमाने लिहिते.

आधी तीन महिन्यांचं स्टेटमेंट

अंदाजाने बजेट करू नका. घरातल्या सगळ्या खात्यांचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि एका लांब वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक खर्चापुढे एकच शब्द लिहा: किराणा, भाजी, पेट्रोल, औषध, बाहेरचं खाणं, मुलांचं, हप्ता.

यूपीआयमुळे इथे एक अडचण येते. भाजीवाल्या मावशींच्या क्यूआरवर त्यांच्या मुलाचं नाव असतं, इस्त्रीवाल्यांच्या क्यूआरवर भलत्याच दुकानाचं. तीन महिन्यांनी स्टेटमेंट पाहताना त्या ८० आणि १२० रुपयांच्या ओळी कशाच्या होत्या ते आठवत नाही. ज्यांचा उलगडा होत नाही त्यांची "किरकोळ" नावाची बेरीज करा. पहिल्यांदा ही बेरीज मोठीच निघते. पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवतानाच नोट लिहायची सवय लावा, दोन अक्षरं पुरतात. या पायरीवर कुणाचा खर्च जास्त, कुणाचा वायफळ यावर घरात वाद घालू नका. अजून आकडे गोळा व्हायचे आहेत.

वर्षाचा कागद

आता एका कोऱ्या कागदावर एप्रिल ते मार्च असे बारा महिने लिहा आणि दर महिन्याला न येणारे सगळे खर्च ज्या त्या महिन्यासमोर टाका. नमुन्यादाखल सिंहगड रस्त्यावरचं एक चौकोनी कुटुंब घेऊ. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८५,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता २६,०००. महिन्याचा चालू खर्च २८,०००. त्यांचा वर्षाचा कागद असा:

शाळेची फी ७२,०००; पुस्तकं-गणवेश ९,०००; गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ११,०००; आरोग्य विम्याचा हप्ता २४,०००; टर्म विम्याचा (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा आयुर्विमा) १४,०००; मिळकतकर ७,५००; वर्षाचं धान्य, तिखट-मसाला १५,०००; गणपती-गौरी, दिवाळी आणि कामाच्या मावशींचा बोनस ३०,०००; आहेर-लग्नकार्य १२,०००; गावी जाणं आणि एक सहल २५,०००; घरदुरुस्ती, मिक्सर-फ्रिजची कामं १२,०००.

बेरीज २,३१,५००. बाराने भागा: महिन्याला साधारण १९,३००.

कागद मांडण्याआधी या घराला वाटत होतं, पगारातून हप्ता आणि चालू खर्च वजा जाता महिन्याला ३१,००० उरतात. मग मार्चअखेर खात्यात काहीच का दिसत नाही, हे कोडं. कोडं इतकंच की त्या ३१ हजारांपैकी १९ हजार आधीच बोललेले होते. खरी शिल्लक ११,७०० आहे. हा आकडा हाती आला की बाकीचे निर्णय सोपे होतात: नवा हप्ता झेपेल का, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) कितीची लावायची, सहल कुठली करायची.

हा कागद करताना बिलंही नीट वाचली जातात. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. तुमच्या बिलात ती लागली आहे का ते पाहा. लागली नसेल तर पीटी-३ अर्ज भरून द्यावा लागतो.

पैशांना तीन घरं द्या

एकाच खात्यात सगळं असलं की शिल्लक मोठी दिसते आणि हात सैल होतो. पगार येतो ते पहिलं खातं. त्यातून पगार आला त्याच दिवशी दोन रकमा आपोआप निघतील अशी बँकेत स्थायी सूचना द्या: चालू खर्चाचे २८,००० दुसऱ्या खात्यात, वर्षाच्या कागदाचे १९,३०० तिसऱ्या खात्यात. यूपीआय फक्त दुसऱ्या खात्याला जोडा. महिन्याच्या २२ तारखेला त्यात दोन हजार उरले असतील तर हॉटेलात जायचं की नाही याचं उत्तर कुणाला विचारावं लागत नाही. तिसऱ्या खात्याला यूपीआय नको, डेबिट कार्डही पाकिटात नको.

पहिलं वर्ष जरा कठीण जातं. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनच्या फीपर्यंत तिसऱ्या खात्यात पुरेसे पैसे जमत नाहीत. म्हणून सुरुवात दिवाळीनंतर करा. मोठे खर्च आटोपलेले असतात आणि जूनपर्यंत सात महिने मिळतात. सासूबाईंची गव्हाची बेगमीही दिवाळीलाच सुरू व्हायची.

सहा महिन्यांचा आधार

वर्षाचा कागद ठाऊक असलेल्या खर्चांचा. नोकरी जाणं, अपघात, आईवडिलांचं आजारपण यांची तारीख ठाऊक नसते. त्यासाठी चालू खर्च आणि हप्ता मिळून सहा महिने निघतील एवढी रक्कम हवी. आपल्या नमुन्यातल्या घराला ५४,००० गुणिले ६, म्हणजे ३,२४,००० रुपये. महिन्याला ११,७०० बाजूला टाकून हे जमायला सव्वादोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. तोवर शेअर, फंड, नवी गाडी सगळं थांबवलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा, पण एकच मोठी एफडी करू नका. पासष्ट-पासष्ट हजारांच्या पाच करा. ६० हजारांची गरज पडली तर एकच मोडते, बाकीच्या चारांचं व्याज शाबूत राहतं.

कुठल्या बँकेत हा प्रश्न पुण्यात महत्त्वाचा आहे. सहकारी बँका आणि पतसंस्था इथल्या लोकांच्या जिव्हाळ्याच्या. शाखा घराजवळ, मॅनेजर ओळखीचे, व्याज अर्धा-एक टक्का जास्त. पण रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, हे पुणेकरांनी डोळ्यांदेखत पाहिलं आहे. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते फक्त १ लाख होतं. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी असल्या तरी मर्यादा एकच. आणि पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाहीच. पतसंस्थेच्या पासबुकावर आणि बँकेच्या पासबुकावर सारखाच शिक्का असतो, त्यामुळे अनेक ज्येष्ठांना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो. आईवडिलांच्या ठेवी कुठे आहेत हे या आठवड्यात विचारून घ्या.

विमा

विमा आणि बचत एकत्र करणारी पॉलिसी घेऊ नका. कमावत्या माणसासाठी साधा टर्म विमा घ्या. रक्कम ठरवायला शिल्लक कर्ज अधिक घराचा पंधरा वर्षांचा खर्च हा ठोकताळा पुरेसा आहे. नमुन्यातल्या घरात कर्ज ३० लाख, खर्च वर्षाला सुमारे पावणेसहा लाख, म्हणजे दोघांचा मिळून साधारण १ कोटी १५ लाखांचा विमा हवा. तो दोघांत पगाराच्या प्रमाणात वाटा. नवऱ्याचा व्यवसाय असेल, देणी असतील, तर पॉलिसी घेतानाच ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्या. मग ते पैसे बायकोमुलांचेच राहतात, देणेकऱ्यांना त्यावर हात ठेवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, हेही तपासून घ्या.

आरोग्य विम्यात सगळे रक्कम पाहतात आणि खोलीभाड्याची अट वाचायची राहते. समजा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंत, अशी अट आहे. तुम्ही ६,००० च्या खोलीत राहिलात. तुम्हाला वाटतं, दिवसाचे वरचे ३,००० आपण भरू. पण अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखी खोलीच्या दर्जानुसार बदलणारी बिलंही त्याच प्रमाणात कापली जातात, म्हणजे जवळपास निम्मी. दवाखान्यातून घरी येताना लाखभर रुपये खिशातून गेले की लोक म्हणतात कंपनीने फसवलं. अट पॉलिसीत छापलेली असते. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. सत्तरी ओलांडलेले आईवडील असतील तर सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि एक काम घराबाहेरच्यांसाठी करा. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं बँक खातं असेल तर त्यांना प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा आणि जीवनज्योती विम्याचा अर्ज भरून द्या. पहिल्याचा हप्ता वर्षाला २० रुपये, दुसऱ्याचा ४३६. प्रत्येकी २ लाखांचं संरक्षण. जीवनज्योतीत पन्नाशीपर्यंतच नव्याने सहभागी होता येतं. आमच्या सोसायटीत अकरा जणींचे अर्ज आम्ही एका रविवारी जिन्यात बसून भरले.

कर्ज घेताना हा एक प्रश्न विचारा

"व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकीवर?" एवढं एक वाक्य पाठ करा. फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज, घटत्या शिल्लकीवर म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच.

आमची पहिली स्कूटर आम्ही कर्जावर घेतली. १ लाख रुपये, दोन वर्षं, "फक्त १० टक्के". दोन वर्षांचं व्याज २०,०००, एकूण १,२०,०००, हप्ता ५,०००. हिशोब सरळ दिसतो. पण वर्ष संपलं तेव्हा निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलं होतं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू होतं. घटत्या शिल्लकीवर मांडला तर हाच ५,००० चा हप्ता १८ टक्क्यांहून किंचित जास्त व्याजाचा भरतो. त्याच वेळी बँकेत साडेबारा टक्क्यांनी घटत्या शिल्लकीवर कर्ज मिळत होतं. ते आम्हाला महाग वाटलं म्हणून आम्ही सोडलं. आकड्यांत काम करणारी मी, तरीही दुकानात टेबलावर बसून हप्ता एवढाच पाहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

क्रेडिट कार्डचंही तेच. समजा २०,००० ची बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६, एकूण ८२६. बिलावर ठळक छापलेली किमान रक्कम ५ टक्क्यांनी १,०००. ती भरली तर मुद्दल फिटतं १७४ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्ड वापरायचं असेल तर संपूर्ण बिल आपोआप भरण्याची सूचना बँकेला द्या. हे जमत नसेल तर कार्ड बंद करा. आधीपासून बाकी असेल तर गरज नसलेलं सोनं मोडून किंवा एफडी मोडून ती आधी फेडा. एफडीवर वर्षाला सात टक्के मिळवायचे आणि कार्डावर चाळीस टक्के द्यायचे, यात काही वाचत नाही.

गृहकर्ज वेगळं. ते घाबरायचं कर्ज नाही, पण त्याचा पहिला हप्ता उघडून बघायला हवा. ३० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता २६,०३५. त्यातले पहिल्या महिन्यात २१,२५० व्याजाचे आणि ४,७८५ मुद्दलाचे. वीस वर्षांत व्याजच सुमारे साडेबत्तीस लाख जातं. दर वर्षी फक्त एक हप्ता जादा भरला तर कर्ज साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. दिवाळीचा बोनस आला की त्यातला एक हप्ता आधी तिकडे टाका आणि "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं लेखी द्या.

भिशी आणि सोनं

भिशी मला आवडते. दहा मैत्रिणी, प्रत्येकी ५,०००, दर महिन्याला एकीला ५०,०००: ज्यांना एरवी बचत जमत नाही त्यांना ती जमवून देते. व्याज मिळत नाही हे लक्षात असू द्या आणि ज्यांच्या घरी आपलं जाणंयेणं आहे त्यांच्याबरोबरच करा. लिलावाची भिशी मात्र टाळा. त्यात नड असलेली व्यक्ती दुसऱ्याच महिन्यात ५०,००० ऐवजी ४२,००० उचलते आणि पुढे भरत राहते पूर्ण.

सोनं अंगावर घालायला घ्या, बचत म्हणून दागिना घेऊ नका. १ लाखाच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ धरली आणि वर ३ टक्के जीएसटी, तर बिल होतं १,१५,३६०. मोडायला गेलात की घडणावळ आणि कर परत मिळत नाही. म्हणजे भाव १५ टक्क्यांनी चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. पाडव्याला मुहूर्ताचं घ्यायचंच तर लक्ष्मी रोडवर वेढणी मागा, तिची घडणावळ नाममात्र असते. दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, पाहा, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

उरलेले पैसे

सहा महिन्यांचा आधार जमला, विमे झाले, महाग कर्ज फिटलं, की मग गुंतवणूक. इथे मी थोडक्यात लिहिते, कारण बहुतेक घरांचं अडतं ते याआधीच्या पायऱ्यांवर.

पीपीएफ, म्हणजे सरकारचं दीर्घ मुदतीचं बचत खातं, प्रत्येक घरात असावा. पंधरा वर्षं, वर्षाला ५०० ते दीड लाख. एप्रिल २०२० मध्ये दर ७.१ टक्के झाला आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहिला. व्याज मोजलं जातं ते महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकीवर, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरा. दीड लाख ५ एप्रिलला भरले तर वर्षाचं व्याज १०,६५०. ६ एप्रिलला भरले तर एका महिन्याचे ८८७ रुपये गेले. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं पोस्टात उघडा.

दहा-पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशांसाठी सेन्सेक्स, निफ्टीसारख्या निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात एसआयपी लावा आणि डायरेक्ट योजना निवडा, त्यात एजंटाचं कमिशन नसतं. सात वर्षांच्या आत लागणारे पैसे मात्र शेअर बाजारात नकोत, मुलाच्या बारावीनंतरच्या फीचे तर मुळीच नकोत. आणि महिन्याला दोन-तीन टक्के खात्रीने देतो असं कुणी सांगितलं, मग तो नात्यातला का असेना, तर तिथून उठा. ऑनलाइन फसवणूक झाली तर पहिल्या तासातच १९३० वर फोन करा.

शेवटचं काम कागदांचं

माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या एका एफडीवर नॉमिनी नव्हता. रक्कम १ लाख ८० हजार. बँकेने वारसांचे कागद, हमीपत्र, सगळ्या भावाबहिणींच्या सह्या मागितल्या. एक नणंद परगावी. पैसे हातात यायला आठ महिने लागले, आणि ते सासूबाईंचेच पैसे होते.

म्हणून प्रत्येक बँक खातं, एफडी, पीपीएफ, फंड, विमा, पीएफ आणि सोसायटीचं भाग प्रमाणपत्र यांवर नॉमिनी आहे का ते एका दिवशी बसून तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर बहुधा आईवडिलांचं नाव असतं, ते बदलायचं राहून जातं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक वारसच. त्यामुळे घर स्वतःच्या नावावर असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी केलेलं मृत्युपत्र कायद्याने चालतं, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत.

आईवडिलांची जुनी, विसरलेली खाती असतील असं वाटत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव आणि पॅन टाकून शोध घ्या.

मग एक फाइल करा. पहिल्या पानावर खाती आणि शाखा, पॉलिसी क्रमांक, कर्जं, कुणाला दिलेले-घेतलेले हातउसने पैसे, सोसायटीच्या सेक्रेटरींचा आणि विमा एजंटाचा फोन. पासवर्ड त्यात लिहू नका. फाइल कुठे आहे हे घरातल्या दोन मोठ्या माणसांना माहीत हवं, आणि त्यातलं एक माणूस हे पैशांचे व्यवहार न बघणारं हवं. आम्ही हे पान दर गुढीपाडव्याला नव्याने काढतो, वर तारीख टाकतो, सासूबाईंना वाचून दाखवतो आणि मग जुनं फाडतो.